आमची लेक स्कूल बोर्डासमोर बंदुकांच्या कुलुपांवर बोलणार आहे, आणि आपली मंडळी म्हणतात तुम्हाला काय पडलंय

अबोली_मिशिगन:
मंडळी नमस्कार. एरवी मी इथे बागकाम आणि रेसिप्यांच्या धाग्यांवर दिसते, हा विषय जरा निराळा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या सबर्बमध्ये राहतो, ओकलंड काउंटी. ऑक्सफर्ड हायस्कूल आमच्यापासून साधारण अर्ध्या तासावर. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथे पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला, चार मुलं गेली, सात जण जखमी झाले. ती बंदूक बापाने चारच दिवस आधी ब्लॅक फ्रायडेला घेतलेली. त्या दिवशी सकाळीच मुलाने वर्गात काढलेलं भलतंच चित्र बघून शाळेने आईबापांना बोलावलं होतं, ते आले, बोलले आणि पोराला तिथेच ठेवून निघून गेले. दप्तर कोणीच उघडून बघितलं नाही. आमची लेक तेव्हा आठवीत होती, आता दहावीत आहे. तिच्या वयाच्या पोरांना हे सगळं तोंडपाठ आहे हो, आपल्याला क्रिकेटचे स्कोअर असायचे तसं.

तर तिने आणि तिच्या मैत्रिणींनी शाळेत स्टुडंट्स डिमांड ॲक्शनचा (बंदुकीच्या हिंसेविरुद्धची विद्यार्थ्यांची संघटना) ग्रुप काढलाय. त्यांची मागणी एवढीशी आहे. मिशिगनमध्ये १३ फेब्रुवारी २०२४ पासून कायदा लागू झालाय की घरात अठराच्या आतलं मूल असेल किंवा यायची शक्यता असेल तर बंदूक एकतर कुलूपबंद पेटीत ठेवायची, नाहीतर गोळ्या काढून तिला लॉक लावायचं. मुलाच्या हाती लागून कोणाचा जीव गेला तर मालकाला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा. पण हे माहितीये कोणाला? आमच्या गल्लीत मी चार घरी विचारलं, एकालाही नाही. म्हणून पोरींचं म्हणणं की ऑगस्टमध्ये शाळेचे फॉर्म भरतो ना, ॲलर्जीचा, बसचा, फोटोच्या परवानगीचा, त्यातच एक पान या कायद्याचं घाला आणि पालकांची सही घ्या. आणि ऑफिसात फुकट केबल लॉक (बंदुकीतून वायर घालून लावायचं कुलूप) ठेवा. संपलं. कोणाची बंदूक काढून घ्या असं कोणीच म्हणत नाहीये.

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात ही बातमी पसरली आणि मग सुरू झालं. यंदा पाडव्याच्याच दिवशी, ९ एप्रिल २०२४ ला, ऑक्सफर्डच्या त्या आईबापांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली, शाळेतल्या अशा गोळीबारात मुलासाठी आईबाप मनुष्यवधाचे दोषी ठरायची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ, म्हणून विषय निघालाच. एक काकू म्हणाल्या कॉलेज ॲप्लिकेशनसाठी छान आहे गं. एक काका म्हणाले आपण पाहुणे या देशात, यजमानाच्या घरात भांडी कशाला मोजायची. आणि ज्यांच्याकडे आम्ही वर्षानुवर्षं गणपतीला जातो त्या घरच्यांनी तर सरळ विषय बदलला, नंतर कळलं की त्यांच्याकडेच आलीये बंदूक.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलांनी असं काही केलंय का? आईबाप म्हणून मागे उभं राहायचं की शेजारी, हेच कळत नाहीये.

चष्मिष_कोथरूड:
वाचतोय. भाबडा प्रश्न आहे, हसू नका. शाळेने बंदुकीवर ठराव करायचा म्हणजे काय? आमच्याकडे शाळा स्वेटरच्या रंगावर ठराव करते आणि त्यावरूनही पालक व्हॉट्सॲपवर भांडतात.

अबोली_मिशिगन:
चष्मिष, हसत नाही, मलाही हे लेकीनेच समजावलंय. इथे स्कूल बोर्ड निवडून येतं, आमच्याकडे सात जण आहेत, म्हणजे चार मतं झाली की काम झालं. सिटी कौन्सिलला बंदुकीबद्दल काही करताच येत नाही कारण १९९० च्या राज्याच्या कायद्याने गावांचे आणि काउंट्यांचे हात बांधलेत. पण त्या कायद्यात शाळांचा उल्लेख नाही. ॲन आर्बरच्या शाळांनी आवारात बंदूक आणायला बंदी घातली, बंदूकवाल्यांच्या संघटनेने केस केली, ती मिशिगन सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१८ मध्ये कोर्टाने शाळांच्या बाजूने निकाल दिला. म्हणून पोरी सिटी हॉलला न जाता बोर्डाकडे गेल्या. आणि बोर्डाच्या मीटिंगमध्ये कोणालाही उठून बोलता येतं, कायद्यानेच. कार्ड भरायचं, नाव पुकारलं की माइकपाशी जायचं, तीन मिनिटं. समोर घड्याळ उलटं पळत असतं.

स्पार्टन_आई:
अबोली, शेजारी उभी राहा. मागे वगैरे नको.

माझा मुलगा एमएसयूला (मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी) होता १३ फेब्रुवारी २०२३ ला, तिथे गोळीबार झाला तेव्हा. रात्री साडेआठच्या सुमारास युनिव्हर्सिटीचा मेसेज आला, पळा, लपा, लढा. त्याने तो मला फॉरवर्ड केला आणि खाली मराठीत लिहिलं "मी बरा आहे फोन करू नको आवाज होतो". मी कँटनमध्ये किचनच्या फरशीवर बसून होते मध्यरात्र उलटेपर्यंत, गोळीबार करणारा मेल्याचं जाहीर होईस्तोवर. बर्की हॉल आणि युनियन, तीन मुलं गेली, पाच जखमी. आणि ऑक्सफर्डमधून वाचून एमएसयूला आलेली पोरं होती हो त्या कॅम्पसवर, दुसऱ्यांदा.

पण मला सांगायचंय ते पुढचं. दोन दिवसांनी ही सगळी पोरं लान्सिंगला कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, समोर जाऊन बसली. नुसती बसली, मांडी घालून, शाळेत लॉकडाऊन ड्रिलला बसवतात ना तशी. (भारतातल्या लोकांसाठी: इथे वर्षाला पाच ड्रिल आगीच्या, दोन टोर्नेडोच्या आणि तीन लॉकडाऊनच्या, कायद्यानेच ठरलेल्या.) याच कॅपिटॉलमध्ये २०२० च्या एप्रिलमध्ये मोठी माणसं रायफली खांद्याला लावून आत शिरली होती कोविडच्या नियमांविरुद्ध, ते चाललं होतं.

बरोब्बर दोन महिन्यांनी, १३ एप्रिलला, गव्हर्नर व्हिटमरने सही केली. बंदूक कुठलीही असो बॅकग्राउंड चेक (आधी फक्त पिस्तुलांना होता), आणि घरातल्या कुलुपाचा कायदा. मे महिन्यात तिसरा आला, जो माणूस धोकादायक वाटतोय त्याच्याकडून कोर्टाच्या ऑर्डरने काही काळ बंदूक काढून घेता येते, घरच्यांना, पोलिसांना, डॉक्टरांना अर्ज करता येतो. आता कोणी म्हणेल पोरं बसली म्हणून झालं का. नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळजवळ चाळीस वर्षांनी दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नर एका पक्षाकडे, डेमोक्रॅट्सकडे, आले, हाउसमध्ये ५६ विरुद्ध ५४. ऑक्सफर्डनंतर हीच बिलं धूळ खात पडली होती. पण ५६-५४ म्हणजे एक जण फिरला तरी बिल अडकलं, आणि तो एक जण फिरू नये म्हणून गॅलरीत रोज कोण येऊन बसत होतं? हीच.

जुनाजाणता_ह्यूस्टन:
मी इथे तीस वर्षं आहे, टेक्ससमध्ये. अबोलीताई, मुलीचं कौतुक आहे पण दोन गोष्टी बोलतो, राग नसावा. एक, कायदे पाळतो तो आधीच पाळतो, गुंड काय फॉर्मवर सही करणारे का? शिकागोत बघा, कडक कायदे आणि रोज गोळीबार. दोन, आपले लोक घरात सोनं ठेवतात हे चोरांना पक्कं ठाऊक झालंय. तुमच्याच भागात या हिवाळ्यात देशी लोकांची घरं फुटली ना? पोलीस यायला किती मिनिटं लागतात ते कधी मोजलंत का? माझ्याकडे दोन आहेत. सेफमध्ये आहेत. पण ते मला शाळेने सांगायची गरज नाही.

शिकागोचा_वडा:
आला, शिकागोचा मुद्दा आलाच, मी वाटच बघत होतो 😀 जुनाजाणता काका, शिकागो शहरानेच २०१७ मध्ये पकडलेल्या बंदुकांचा माग काढला होता, निम्म्याहून जास्त इलिनॉयच्या बाहेरून आलेल्या, इंडियाना सगळ्यात वर. माझ्या घरून इंडियानाची हद्द गाडीने अर्धा तास. एका घरात दार लावलंय आणि शेजारची भिंतच नाही, तर दाराचा दोष कसा?

आणि पोरांनी काय होतं असं जे म्हणतात त्यांच्यासाठी. हाडिया पेंडल्टन, शिकागोची पंधरा वर्षांची मुलगी, जानेवारी २०१३ मध्ये ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीच्या कार्यक्रमात बँडबरोबर जाऊन आली आणि आठवड्याभराने इथे एका पार्कात मैत्रिणींबरोबर पावसाच्या आडोशाला उभी असताना गोळी लागून गेली, ती गोळी तिच्यासाठी नव्हतीच. तिच्या मित्रमैत्रिणींनी नारिंगी घालायला सुरुवात केली कारण शिकारी जंगलात नारिंगी घालतात, मला मारू नका मी माणूस आहे हे दुसऱ्या शिकाऱ्याला कळावं म्हणून. आज जूनच्या पहिल्या शुक्रवारी देशभर लोक नारिंगी घालतात. हे कुठल्या जाहिरात कंपनीचं डोकं नव्हे, हायस्कूलच्या पोरांचं.

रानडुक्कर_देवगड:
मी पडलो कोकणातला, अमेरिकेशी संबंध म्हणजे भाचा न्यू जर्सीत. पण बंदूक घरात आहे म्हणून बोलतो. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचा परवाना घराघरात असतो, डुक्कर आणि माकड यांच्यापासून बागायत राखायची तर दुसरं काय करणार. ठासणीची आजोबांपासूनची. परवाना नूतनीकरण करायचं म्हणजे खेटे, आणि निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात नेऊन जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायची. आत्ताच लोकसभेला जमा करून आलोय. तेवढ्यात डुकरांनी काय ते साधून घेतलं. आम्ही शिव्या घालतो पण कोणाला वाटत नाही की सरकारने आपला हक्क हिरावला. तुमच्याकडे एका पानावर सही करायची तर एवढं रणकंदन??

जुनाजाणता_ह्यूस्टन:
रानडुक्कर, तुमच्याकडे ती सरकारने दिलेली सवलत आहे, इथे घटनेने दिलेला हक्क आहे, फरक मोठा आहे आणि तो अमेरिकेत राहिल्याशिवाय कळत नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना परवान्याचा कायदा उडवला, तेव्हापासून प्रत्येक राज्याच्या कायद्यावर खटले आहेत. मिशिगनमध्येही काही शेरीफ उघड म्हणाले आम्ही ते बंदूक काढून घेण्याचे आदेश राबवणार नाही. शिकागोचा मुद्दा मात्र पोचला, वड्याचं म्हणणं घेतलं ऐकून.

रात्रपाळी_नर्स:
चोर आणि गुंड यावरच सगळं चाललंय म्हणून लिहिते. मी ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, असते, ओहायो. २०२२ मध्ये या देशात बंदुकीने साधारण ४८ हजार माणसं गेली, त्यातल्या २७ हजारांच्या आसपास आत्महत्या. निम्म्याहून जास्त. आणि २०२० पासून एक ते एकोणीस वयोगटात मरणाचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, गाडीचा अपघात दुसऱ्यावर गेला.

आमच्याकडे औषधाच्या गोळ्या खाऊन आलेली पोरं येतात, आपल्या लोकांचीही येतात, एसएटीचा स्कोअर, ब्रेकअप, बाबा बोलले. बहुतेक वाचतात आणि पुढच्या आठवड्यात घरी जातात. बंदूकवाली बहुतेक आमच्यापर्यंत येतच नाहीत, सरळ खाली शवागारात नेतात. तो वेडा क्षण असतो ना, तो कित्येकदा दहा-पंधरा मिनिटांचा असतो. कुलूप त्यासाठी असतं. चोराचा त्यात काय संबंध. आपल्या घरातल्या हुशार, गप्प, पियानो वाजवणाऱ्या पोरासाठी असतं. मंडळात हे बोललात तर कदाचित ऐकतील, कॉलेज ॲप्लिकेशनवाल्या काकूसुद्धा.

चष्मिष_कोथरूड:
बाप रे. यावर बोलायला काही नाही.

टँपाकर:
फ्लोरिडाहून हजेरी. पार्कलंडचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मिशिगनच्या पोरींना पुढे काय होऊ शकतं ते यातून कळेल, चांगलं आणि वाईट दोन्ही.

१४ फेब्रुवारी २०१८, तिथल्या हायस्कूलमध्ये गोळीबार, सतरा जण गेले. सहा दिवसांनी शंभरेक पोरं बसने टालाहासीला, राज्याच्या राजधानीला, गेली, सहासात तासांचा रस्ता. ती पोचायच्या आधीच, आधी पोचलेली काही पोरं गॅलरीत बसून बघत असताना, असॉल्ट वेपन बंदीच्या बिलावर चर्चा तरी घ्या हा प्रस्ताव हाउसने ३६ विरुद्ध ७१ ने पाडला. त्याच दिवशी त्याच हाउसने पोर्नोग्राफी आरोग्याला धोका आहे असा ठराव मात्र पास केला. काय बोलायचं.

तरी पोरं घरी गेली नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ मार्चला, रिक स्कॉटने सही केली, तेव्हाचा रिपब्लिकन गव्हर्नर, एनआरए या बंदूकवाल्यांच्या बड्या संघटनेचा लाडका. रायफल घ्यायचं वय १८ वरून २१, तीन दिवस थांबायचं, आणि रेड फ्लॅग, म्हणजे धोकादायक माणसाची बंदूक कोर्टाने काढून घेण्याचा कायदा. तेव्हापासून तो रेड फ्लॅग इथे हजारो वेळा वापरलाय कोर्टांनी. मग २४ मार्चला वॉशिंग्टनचा मोर्चा, तिथे पोरांनी अंगावर नारिंगी टॅग लावले होते, किंमत एक डॉलर पाच सेंट. तेव्हाचे सिनेटर रुबिओ यांना एनआरएकडून मिळालेल्या पैशांना फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागलं की एका पोराचा भाव एवढा येतो म्हणे. हे गणित कुठल्या पीआरवाल्याला सुचलं नसतं.

आता वाईट बाजू. आमच्याकडे २०११ पासून कायदा आहे की एखाद्या गावाने स्वतःचा बंदुकीचा नियम केला तर तो करणाऱ्या मेयर-नगरसेवकाला वैयक्तिक पाच हजार डॉलरपर्यंत दंड, आणि गव्हर्नर पदावरूनही काढू शकतो. म्हणजे पार्कलंडच्या स्वतःच्या सिटी कमिशनला काहीही करता येत नव्हतं. असॉल्ट वेपन बंदी थेट मतदानाला न्यायची म्हणून सह्या गोळा झाल्या, तर २०२० मध्ये फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने शब्दरचना दिशाभूल करणारी आहे म्हणून मतपत्रिकेवर येऊच दिलं नाही. २०२३ पासून परवान्याशिवाय लपवून बंदूक बाळगता येते. आणि वय पुन्हा १८ करायचं बिल हाउसने २०२३ मध्ये पास केलं, २०२४ मध्येही केलं, सिनेटने घेतलं नाही म्हणून टिकलं.

तरीही त्या चळवळीतून आलेला मॅक्सवेल फ्रॉस्ट २०२२ मध्ये पंचविसाव्या वर्षी ऑर्लँडोतून काँग्रेसमध्ये गेला. अबोली, लेकीला सांग, जिंकल्यावर पण मीटिंगला जात राहा. समोरचे जातच असतात.

नागपुरी_तर्री:
वाचून डोकं भणाणलं राजेहो. एक प्रॅक्टिकल प्रश्न हाय. आमचा एच-वन, ग्रीन कार्डची लाईन तं तुम्हाले माहीतच हाय, पोरगं म्हातारं होईल. अशा ठिकाणी पोरगी माइकवर बोलली, फोटो आला, तं व्हिसाले काही होते का? बायको रोज इचारते.

अबोली_मिशिगन:
तर्री, आम्हीही त्याच लायनीत आहोत, म्हणून हा प्रश्न मी आधीच एका इमिग्रेशन वकिलाला विचारला. स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये तीन मिनिटं शांतपणे बोलण्याने काही होत नाही असं ते म्हणाले. अटक वगैरे होईल असं काही करायचं नाही, रस्ता अडवणं, बिल्डिंगमधून निघायला सांगितल्यावर बसून राहणं, तिथे काळजी घ्या म्हणाले. तुमची केस तुमच्या वकिलाला विचारा, धाग्यावरचा सल्ला म्हणून घेऊ नका.

उलट त्यांनी वेगळंच सांगितलं जे मला माहीत नव्हतं. एच-वनवाल्याला साधारणपणे बंदूक ठेवताच येत नाही, फेडरल कायदा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्याला येते. म्हणजे चोऱ्यांमुळे घाबरून कोणी मित्राच्या नावावर घेऊन घरात ठेवली असेल तर व्हिसाचा धोका तिथे आहे. माइकवर नाही.

जुनाजाणता_ह्यूस्टन:
हे मात्र सगळ्यांनी दोनदा वाचा. मित्राच्या नावावर घेतलेली बंदूक हा फेडरल गुन्हा आहे, मित्रही आत जाईल. मी दोघांना ओळखतो ज्यांना वाटतं हे चालतं.

सोनं_गेलं:
खास यासाठी नवीन आयडी काढलाय. मीही ओकलंड काउंटीत. डिसेंबरमध्ये आमचं घर फुटलं, आम्ही लग्नाला गेलो होतो, मागच्या काचेतून आले, बायकोच्या आईचं मंगळसूत्र आणि पाटल्या गेल्या. वायफाय बंद पाडून आले म्हणून कॅमेऱ्यात काही नाही. जानेवारीत मी पिस्तूल घेतलं. सिटिझन आहे, रीतसर परवाना काढून घेतलं, मित्राच्या नावावर नाही. मला त्याची लाज नाही, बायको तेव्हापासून झोपायला लागली.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या मित्राची आई, अमेरिकन, स्लीपओव्हरच्या आधी फोनवर म्हणाली, तुमच्याकडे कुत्रा आहे का, त्याला दाण्याची ॲलर्जी आहे, चालेल ना, आणि हो, तुमच्याकडे बंदूक असेल तर लॉक्ड आहे का? कुत्र्याच्या आणि दाण्याच्या पाठोपाठच, त्याच आवाजात. मला राग यायला हवा होता पण आलाच नाही. मी म्हटलं हो आहे, सेफमध्ये आहे, गोळ्या वेगळ्या. ती म्हणाली थँक्स, आमची पण. आणि पिझ्झा कुठला मागवायचा यावर गेलो.

त्यामुळे अबोलीताई, तुम्ही ज्यांच्याकडे गणपतीला जाता त्यांना सरळ विचारा की. आपल्यात ते इज्जतीचं करून ठेवतात, बंदूक घेतली हे पण लपवायचं आणि कुठे ठेवली हे पण. लपवलेली बंदूक पोरांना आधी सापडते, आईने लपवलेले बेसनाचे लाडू सापडतात तशी.

केबल लॉकबद्दल, कारण लोकांना वाटतं त्याला फार अक्कल लागते. दुकानात पिस्तुलाबरोबर मला एक मिळालंच होतं, आणि बऱ्याच पोलीस डिपार्टमेंटमध्ये फुकट देतात, नाव विचारत नाहीत. आधी मॅगझीन (गोळ्या भरायची पेटी) काढायचं. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची, आत गोळी नाही ना हे डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. मग वायर वरच्या खाचेतून आत घालायची, खालून मॅगझीनच्या भोकातून बाहेर काढायची, दोन्ही टोकं कुलपात. स्लाइड पुढे येतच नाही, गोळी भरताच येत नाही. एक मिनिटाचं काम. किल्ली मात्र देवघरात ठेवू नका, प्रत्येक देशी घरात पोरांना माहीत असतं की महत्त्वाचं सगळं देवघरात.

आणि मुलीला सांगा, भाषणात "गन ओनर्स" म्हणजे कोणी दुसरे लोक असं बोलू नकोस. समोर बसलेल्या सातांतल्या निदान दोघातिघांकडे असणारच. हे मिशिगन आहे, १५ नोव्हेंबरला हरणाची शिकार सुरू होते म्हणून कितीतरी शाळा सुट्टी देतात. त्यांना सोबत घे.

शिकागोचा_वडा:
बेसनाचे लाडू 🙏 धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. +१

स्पार्टन_आई:
सोनं_गेलं, तुमचा प्रतिसाद मी इंग्रजी करून आमच्या ग्रुपमध्ये टाकू का? आयडी काढून.

सोनं_गेलं:
टाका. पाटल्यांचं काढा फक्त, बायको ओळखेल.

अबोली_मिशिगन:
सगळ्यांचे आभार, अपडेट देते. काल मीटिंग झाली.

भाषण आधी पाच मिनिटांचं होतं, त्यात ऑक्सफर्ड, पार्कलंड, सगळं होतं. तुमचे प्रतिसाद मी तिला वाचून दाखवले (मराठी तिला समजतं, वाचायचा कंटाळा), तिने अर्धं भाषण कापलं. रात्रपाळी_नर्सचे आकडे तिने स्वतः शोधून ताडून बघितले आणि मग घातले. टँपाकरांचं डॉलरचं गणित तिला फार आवडलं पण म्हणाली इथे नको, हे लोक एनआरए नाहीत, हे आपल्या शाळेचे लोक आहेत. सुरुवात तिने १५ नोव्हेंबरच्या सुट्टीने केली. "माझ्या वर्गातली अर्धी मुलं त्या दिवशी वडिलांबरोबर पहाटे उठून जातात, आणि त्यांना बंदूक कशी सांभाळायची ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी त्यांच्याकडून शिकून आलेय." बोर्डावरचे एक गृहस्थ मागे टेकून बसले होते ते पुढे सरकले.

विरोधात तिघं बोलले. एकाने राज्यघटनेची खिशातली प्रत वर धरली. एक बाई म्हणाल्या ही पोरं कोणीतरी पढवून पाठवलेली आहेत, तेव्हा लेकीच्या मैत्रिणीला हसू आवरेना, कारण पढवायला आमच्यातल्या कोणाला वेळ होता.

निकाल असा की सही करायची अट काढली. तीन जण म्हणाले पालकांकडून सही घेणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं. कायद्याची माहिती ऑगस्टच्या फॉर्मांबरोबर जाईल, नुसती, आणि केबल लॉक शाळेत ठेवायचे की नाही ते पॉलिसी कमिटीकडे गेलंय. ठराव चार विरुद्ध तीन. चौथं मत त्या पुढे सरकलेल्या गृहस्थांचं.

लेक चिडलीये. म्हणते सही नसेल तर ते पान ॲलर्जीच्या पानाखाली जाऊन रिसायकलमध्ये पडणार. मला वाटतं खरंय तिचं. आता त्यांनी ठरवलंय की नोव्हेंबरमध्ये बोर्डाच्या ज्या जागांची निवडणूक आहे त्या उमेदवारांना गाठून सहीचं काय ते विचारायचं, आणि बारावीतल्या ज्यांना अठरा पूर्ण होतायत त्यांची मतदार नोंदणी कँटीनमध्ये टेबल टाकून करायची. त्याला प्रिन्सिपलची परवानगी लागते, तो अर्ज गेलाय.

गणपतीवाल्या घरी फोन केला मी. काही बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही.

नागपुरी_तर्री:
चार-तीन म्हंजे चार-तीन, जिंकले ना बाप्पा! तिचं भाषण मराठीतून टाका ना कुठं, आमच्या पोरीले दाखवतो. ते पान कसं लिवलं ते बी पायजे, आमच्या इथं फॉर्म जुलैतच येतात.

अबोली_मिशिगन:
पानाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. त्यात मिशिगनच्या कायद्याचा नंबर आणि शिक्षा आहे ते बदलून तुमच्या राज्याचं घाला, सगळ्या राज्यांत असा कायदा नाहीये, आधी ते बघा. आणि बोर्डाच्या मीटिंगचा अजेंडा बहुतेक ठिकाणी थोडेच दिवस आधी वेबसाइटवर टाकतात, म्हणून आत्ताच नजर ठेवा.

जुनाजाणता_ह्यूस्टन:
मलाही व्यनि करा. आमच्या सोसायटीत नातवंडं येतात सगळ्यांकडे उन्हाळ्यात. सही नको, पण पान चालेल.